जुनी होडी खरेदी करताना घ्यावयाची काळजी

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जुनी होडी घेताना मात्र पुष्कळदा वरचा ताजा रंग पाहूनच सौदा ठरतो. बैल लंगडा निघाला तर पैसे बुडतात. होडी सदोष निघाली तर माणसे बुडतात.

उल्हास आणि बारवी नद्यांच्या काठच्या शेतकऱ्यांना होडी मुख्यत्वे दोन कामांसाठी लागते. तळ्यात मत्स्यपालन असेल तर जाळी ओढणे, खाद्य टाकणे ही कामे होडीशिवाय नीट होत नाहीत. दुसरे काम पुराचे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील प्रवाशांना होड्यांच्या मदतीने बाहेर काढावे लागले, हे या भागात सर्वांच्या स्मरणात आहे.

नवी होडी महाग पडते. अशा वेळी कल्याणपासून खाली असलेल्या खाडीपट्ट्यातून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून वापरलेली होडी आणण्याचा विचार केला जातो. त्यात गैर काही नाही. मात्र खाऱ्या पाण्यातील होडी गोड्या पाण्यात आणली की काही गोष्टी बदलतात. त्या लक्षात घेऊनच तपासणी करावी.

खारे पाणी आणि गोडे पाणी यांतील फरक

१) समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. समुद्रात ज्या रेषेपर्यंत बुडून होडी स्वतःच्या वजनासह १,००० किलो पेलते, त्याच रेषेपर्यंत बुडल्यास नदीत वा तळ्यात ती सुमारे ९७५ किलोच पेलते. म्हणजे तेवढाच भार घातला तर होडी अधिक खोल बसते.

२) मिठामुळे लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला काही प्रमाणात आळा बसतो. गोड्या पाण्यात व विशेषतः होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात ही बुरशी झपाट्याने वाढते.

३) खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी जहाजकिडी गोड्या पाण्यात मरते, पण तिने केलेली बिळे तशीच राहतात. बाहेरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते आणि आतली फळी मात्र पोकळ झालेली असते.

४) फायबरच्या होडीच्या थरांत पाणी मुरून फोड येण्याची क्रिया गोड्या पाण्यात अधिक वेगाने होते.

जमिनीवरील तपासणी

होडी पाण्यात तरंगत असताना सौदा करू नये. ती काठावर ओढून, लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, तळ धुऊन व वाळवून मगच पाहावी. नुकताच रंग किंवा डांबर लावलेले असेल तर ते का लावले हे विचारावे आणि दोन-चार ठिकाणी खरवडून पाहण्याची परवानगी घ्यावी. विक्रेत्याने नकार दिल्यास तेथेच थांबावे.

प्रथम होडीच्या मागे उभे राहून तळाचा मधला कणा, म्हणजे पठाण, सरळ आहे का ते पाहावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत धरले की बाक लगेच कळतो. दोन्ही बाजूंचा आकार सारखा असावा.

लाकडी होडी : चाकूचे टोक किंवा स्क्रू-ड्रायव्हर फळीत हलके दाबावा. निरोगी लाकडात तो रुतत नाही. कुजलेल्या लाकडात सहज शिरतो. पठाणाचा सांधा, नाळेचा बुंधा, फळ्यांची टोके आणि आतल्या आडव्या वाकांखालची जागा येथे पाणी साचते, म्हणून या जागा आधी पाहाव्यात. खिळ्यांभोवती काळे डाग, गंजाचे ओघळ किंवा मऊ लाकूड दिसल्यास खिळे खाल्ले गेले आहेत असे समजावे. एखाद-दुसरी फळी बदलता येते. पठाण कुजला असेल तर होडी घेऊ नये.

फायबरची होडी : लाकडी मुठीने किंवा नाण्याने तळावर वीतभर अंतरावर ठोकत जावे. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. थर सुटले असतील तेथे बद्द आवाज येतो. अशा जागांवर खडूने खूण करावी. खुणा एकत्र आल्या की दोषाचा विस्तार कळतो. बारीक फोड दिसल्यास एखादा टोचून पाहावा. आतून व्हिनेगरसारखा आंबट वास असलेला द्रव आला तर पाणी थरांत शिरले आहे. टोचताना डोळे दूर ठेवावेत. एका बिंदूपासून फाकलेल्या भेगा म्हणजे तेथे जोराचा मार बसल्याची खूण होय.

इंजिन अडकविण्याची मागची फळी हा फायबरच्या होडीतील सर्वांत नाजूक भाग. बऱ्याच होड्यांत तिच्या आत प्लायवूड असते आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली दाबावे. फळी लवत असेल किंवा बोल्टजवळून पाणी झिरपत असेल तर दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

टेम्पोत भरल्यावर होडीचे वजन काट्यावर करावे. कागदपत्रांतील वजनापेक्षा ती बरीच जड भरल्यास आतल्या फोमने किंवा लाकडाने पाणी प्यायले आहे. ही अट सौद्यात आधीच घालावी.

इंजिनाची तपासणी

आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवलेले नसावे. थंड इंजिन किती ओढीत सुरू होते ते पाहावे. इंजिन पाण्याशिवाय चालवू नये. चालू असताना थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत पडली पाहिजे. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. पंख्याचा दांडा हाताने हलवून ढिला आहे का ते पाहावे. इंधनाची नळी तडकलेली असल्यास लगेच बदलावी.

पाण्यातील तपासणी

रिकामी होडी कंबरभर पाण्यात किमान तासभर ठेवावी. बरेच दिवस कोरडी राहिलेली लाकडी होडी सुरुवातीला पाणी घेते. लाकूड फुगले की फटी मिटतात. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. झिरप कमी झाली नसेल तर दोष सांध्यात आहे.

त्यानंतर माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून भार द्यावा. चार माणसे बसणार असतील तर प्रत्येकी ७५ किलोप्रमाणे ३०० किलो, म्हणजे ५० किलोची सहा पोती झाली. इतक्या भारातही काठ पाण्याच्या वर किमान फूटभर राहावा. पोती एका बाजूला सरकवून होडी किती कलते तेही पाहावे. शेवटी इंजिन व पोती काढून होडी पाण्याने भरावी. ती तळाला गेली तर तिच्यात तरंगण्याची राखीव शक्ती नाही.

ही चाचणी वेळखाऊ वाटेल, पण टाळू नये. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची होडी उलटून २२ जण दगावले. मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती बनविल्याचे पुढे आले. निर्दोष होडीसुद्धा वादळात आणि जादा भारात सुरक्षित नसते. जुन्या होडीवर छप्पर किंवा मजला चढवू नये.

कागदपत्रे व साहित्य

विक्रीची पावती, नोंदणीचे कागद आणि इंजिनावरील क्रमांक जुळवून पाहावेत. होडीवर कर्जाचा बोजा नसल्याचे लेखी घ्यावे. यांत्रिक होडीसाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार सर्वेक्षण व नोंदणी यांची तरतूद आहे. त्याबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात खरेदीपूर्वी चौकशी करावी. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असून त्याचे पाणी पिण्यासाठी जाते. तेथे परवानगीशिवाय होडी नेऊ नये. होडीबरोबर मिळालेली जुनी जीवरक्षक जाकिटे उसवलेली, कडक झालेली किंवा पाणी पिणारी असल्यास टाकून द्यावीत व माणशी एक नवीन घ्यावे.

तपासणीत आढळलेले दोष कागदावर लिहून दुरुस्तीचा खर्च कारागिराकडून काढून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. पठाण, मागची फळी आणि तळाचे थर या तिन्हींपैकी एकही खराब असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती होडी घेऊ नये. पावसाळ्यापूर्वी, नदी शांत असताना ही तपासणी उरकावी. पूर आल्यावर तपासायला वेळ नसतो.