चित्रपुस्तकावरून दिवाळीच्या सुटीतील उपक्रम

दिवाळीची सुटी जवळ आली की पहिली-दुसरीच्या मुलांना घरचा अभ्यास काय द्यावा, हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. बहुधा रोज एक पान शुद्धलेखन आणि पाढे असा अभ्यास दिला जातो, व तो सुटीच्या अखेरच्या रात्री, कित्येकदा थोरल्या भावंडाच्या हातून पुरा होतो. अशाने अक्षराला वळण लागत नाही आणि मनालाही काही मिळत नाही. त्याऐवजी एखादे चांगले चित्रपुस्तक निवडावे आणि सुटीपूर्वीचे तीन-चार दिवस, प्रत्यक्ष सुटी व सुटीनंतरचा आठवडा त्या एका सूत्रात ओवावा. मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, हे या उपक्रमांचे साध्य होय. वर्गाची सजावट हे साध्य नव्हे.

उदाहरणादाखल एरिक कार्ल (१९२९–२०२१) या चित्रकाराचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे पुस्तक घेऊ. अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची कथा अगदी साधी आहे. पानावरील अंड्यातून रविवारी एक इवलीशी भुकेली अळी बाहेर पडते. सोमवारी ती एक फळ खाते, मंगळवारी दोन, असे करीत शुक्रवारी पाच फळे फस्त करते. शनिवारी नाना प्रकारचे दहा पदार्थ खाते आणि तिचे पोट दुखू लागते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर तिला बरे वाटते. पुढे ती कोषात जाते व अखेर फुलपाखरू होऊन बाहेर येते. फळांची पाने क्रमाने रुंद होत जातात आणि अळीने खाल्ल्याच्या खुणा म्हणून प्रत्येक फळाला खरोखरीचे छिद्र आहे. पुस्तकाची एकच प्रत असली, किंवा मुळीच नसली, तरी कथा मराठीतून सांगता येते.

सुटीपूर्वी : मुलांनी आपले पुस्तक करावे

पहिल्या दिवशी कथा सांगावी. पान उलटण्यापूर्वी ‘आता काय होईल?’ एवढेच विचारावे व मुलांना बोलू द्यावे. दुसऱ्या दिवशी मूळ पुस्तकातील फळांऐवजी या ऋतूत आपल्या भागात मिळणारी फळे मुलांकडून सुचवून घ्यावीत. सोमवारी एक सीताफळ, मंगळवारी दोन पेरू, बुधवारी तीन केळी, असा क्रम सहज जुळतो. शनिवारचे दहा पदार्थ तर दिवाळीने तयारच ठेवले आहेत : करंजी, चकली, लाडू, शेव, चिवडा, शंकरपाळे, अनारसा, चिरोटा, कडबोळे आणि पेढा. येथे एक काळजी घ्यावी. ‘तुमच्या घरी काय काय केले?’ असे विचारू नये. सर्वच घरांत दहा पदार्थ होत नाहीत, आणि त्या प्रश्नाने एखादे मूल उगीच खाली मान घालते. ‘अळीने काय काय खाल्ले?’ असे विचारावे. मग प्रत्येक मुलाला उत्तर देता येते.

तिसऱ्या दिवशी जुन्या वह्यांतील कोऱ्या पानांची लहान पुस्तिका शिवावी. कार्ल यांनी पातळ कागद स्वतः रंगवून, कापून व चिकटवून चित्रे तयार केली होती. ही रीत खेड्यातील शाळेलाही परवडते. जुने कागद मुलांनी रंगवावेत, हातांनी फाडावेत आणि कणकेच्या खळीने चिकटवावेत. शिक्षकांनी एकसारखे साचे कापून देऊ नयेत. पेरू वाकडा झाला तरी तो त्या मुलाचा पेरू असतो. गणितही याच पुस्तिकेतून घ्यावे. पाच दिवसांची फळे मिळून १५ होतात आणि शनिवारचे पदार्थ धरून २५. मुलांनी ती बोट ठेवून मोजावीत.

सुटीत : झाडावरची अळी पाहावी

सुटीचा अभ्यास एकच असावा : एक झाड निवडून त्यावरील अळी रोज पाहणे. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराची अळी पुष्कळदा सापडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व वाढल्यावर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झालेले ‘ब्ल्यू मॉरमॉन’ हेही लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. बांधावरच्या रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी आढळते. मात्र रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे आणि केसाळ सुरवंटाच्या स्पर्शाने खाज सुटते. म्हणून ‘पाहावे, हात लावू नये’ हा नियम मुलांना व पालकांना आधीच सांगावा. अळी बाटलीत कोंडू नये.

पुस्तिकेच्या मागील पानांवर मुलाने रोज एक चित्र काढावे. लिहिता येत असेल त्याने एक शब्द लिहावा. एके दिवशी अळी दिसली नाही, पक्ष्याने नेली, तर तेही काढावे. दिवाळीच्या सुमारास काही गावांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत ही पुस्तिका अगत्याने द्यावी. अळ्या फडाच्या बांधावरही असतात, आणि ते मूल परत येईल तेव्हा त्याच्यापाशी वर्गाला सांगण्यासारखे काही असेल.

सुटीनंतर : पुस्तक आणि डोळे

शाळा उघडल्यावर मुलांना गोलात बसवून पुस्तिका उघडाव्यात. गुण देऊ नयेत. या वेळी काही मुले पुस्तकातील गोष्टीशी न जुळणारे सांगतील. ‘आमची अळी फळ खात नव्हती, नुसती पानेच खात होती,’ असे कोणी म्हणेल, व ते बरोबरच असेल. पुस्तकातील अळी स्वतःभोवती घर बांधते आणि फुलपाखरू ते कुरतडून बाहेर येते. प्रत्यक्षात फुलपाखराची अळी अखेरची कात टाकते आणि आतून कोष प्रकट होतो; पुढे कोषाची साल उकलून फुलपाखरू निघते. त्याला कुरतडण्याजोगे जबडे नसतात. स्वतःभोवती धाग्यांचे वेष्टन विणणारा कीटक म्हणजे रेशमाच्या किड्यासारखा पतंग होय.

‘पुस्तकात तसे नाही’ म्हणून अशा मुलाला गप्प बसवू नये. ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारावे व शक्य तर सर्व वर्गाने त्या झाडापाशी जाऊन पाहावे. गोष्ट गोड आहे म्हणून ती वाचावी आणि झाडावर जे दिसते ते खरे मानावे, हे दोन्ही मुलाला एकाच वेळी समजू शकते. लिंबाच्या फुलपाखराचा कोष ऋतुमानाप्रमाणे एक ते तीन आठवडे राहतो. तेव्हा सुटी संपली तरी एखाद्या झाडावर तो अजून असेल. तेथे नेण्याचे काम त्याच मुलाकडे द्यावे.