मदरशाला सरकारी पैसा मिळतो, पण नेमका कशासाठी?

जुम्याच्या नमाजनंतर ओळखीच्या एका मदरशाचे मोहतमिम साहेब आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, सरकारचा पैसा घेतला तर उद्या हिफ्ज कसं शिकवायचं हे पण तेच सांगतील ना?" त्याच आठवड्यात शाळेत एक सहकारी चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्याकडे तर आमच्या टॅक्सच्या पैशातून कुराण शिकवतात." दोन्ही समज चुकीचे आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी संविधान काय म्हणतं ते बघू. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. त्यातलं दुसरं पोटकलम कमी लोकांना ठाऊक असतं : अनुदान देताना, संस्था अल्पसंख्याकांच्या हातात आहे एवढ्याच कारणावरून सरकारला भेदभाव करता येत नाही. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. संस्था नुसती अनुदानित असेल तर देता येतं, पण कुणावर सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते.

आता महाराष्ट्र. इथे डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना ऑक्टोबर २०१३ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. योजनेचा पैसा गणित, विज्ञान, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू शिकवणाऱ्या शिक्षकांच्या मानधनासाठी, ग्रंथालयासाठी आणि वर्गखोल्या, पाणी, शौचालय अशा सोयींसाठी असतो. हिफ्ज आणि नाजरा शिकवणाऱ्या उस्तादांचा पगार त्यातून निघत नाही, तो चंद्यातूनच निघतो. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

मानधनाचं मात्र रडगाणं होतं. डी.एड. झालेल्याला महिना ६,००० आणि बी.ए., बी.एस्सी. बी.एड. झालेल्याला ८,००० रुपये. एवढ्यावर शिक्षक टिकणार कसा? आमच्या माहितीतला एक चांगला मुलगा मदरशात गणित शिकवायचा, सहा महिन्यांत दुकानात कामाला लागला. त्याला दोष कोण देणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने हे आकडे १६,००० आणि १८,००० केले.

मोहतमिम साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. ही योजना ऐच्छिक आहे. ज्यांना नको त्यांनी अर्ज करू नये. घेतलेल्या पैशाचा हिशेब मात्र द्यावाच लागतो : हजेरी, शिक्षकांची पात्रता, बिलं. आमच्या मते हा ताबा नाही, चंद्याचाही हिशेब आपण जमातीला देतोच. (देतो ना?) मदरसा वक्फ मंडळाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला हवा आणि अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. अनेकांचं घोडं नोंदणीच्या कागदांवरच अडतं. जागा एकाच्या नावावर, ट्रस्ट दुसऱ्याचा, ऑडिट कधी झालंच नाही.

सरकारचा पैसा कायम येईलच असं धरून चालू नका. केंद्राने मदरशांतल्या आधुनिक विषयांच्या शिक्षकांसाठी अशीच योजना चालवली होती, ती २०२२ नंतर पुढे चालू राहिली नाही. उत्तर प्रदेशात त्या शिक्षकांचं मानधन थकलं आणि पुढे राज्यानेही आपला वाटा थांबवला. तिथल्याच मदरसा कायद्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : कायदा वैध, फक्त कामिल-फाजिल या पदव्यांचा भाग रद्द. मदरशांत शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार नियम करू शकतं, असंही न्यायालयाने म्हटलं.

पालकांसाठी कामाची गोष्ट सांगतो. मुलगा हिफ्ज करतोय, छानच. पण १५ वर्षांचा हाफिज बँकेची स्लिप भरायला दुसऱ्याकडे देतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. दाखला घेताना मोहतमिम साहेबांना अदबीने विचारा : मराठी-गणित कोण शिकवतं, आठवड्यातून किती तास, आणि पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता का?

आमचे मोहतमिम साहेब सध्या ट्रस्टची जुनी फाइल शोधत आहेत. सापडली तर अर्ज लिहायला आम्ही बसू, असं ठरलं आहे.