चूक मुलाची की शब्दाची?

आज थोडं इंग्रजीविषयी बोलू, पण आपल्या मराठीतून.

सहावीत असताना मी वर्गात मोठ्यानं वाचलं, 'डेब्ट'. कर्ज या अर्थाचा शब्द, उच्चार 'डेट'. सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला उभं राहायचं म्हटलं की माझे पाय लटपटायचे.

फार पुढे कळलं, की तो 'बी' त्या शब्दात मुळात नव्हताच. इंग्रजीनं हा शब्द फ्रेंचमधून घेतला तो 'बी'शिवाय. पुढे पंडितांना त्याचं लॅटिन मूळ 'डेबिटुम' आठवलं आणि त्यांनी 'बी' लिहायला सुरुवात केली. लोक आपले पूर्वीसारखंच बोलत राहिले. 'नाइफ'चं याच्या उलट झालं. तिथला 'के' एके काळी खरंच उच्चारत असत. १४७६ साली कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना आणला, हळूहळू स्पेलिंग पक्कं होत गेलं. उच्चार मात्र बदलतच राहिला.

आता अनेकवचन घ्या. 'फूट'चं 'फीट' का? फार पूर्वी अनेकवचनाच्या शेवटी 'इ'सारखा स्वर होता. त्यानं आधीचा स्वर आपल्याकडे ओढला आणि स्वतः गळून गेला. 'चिल्ड्रन'मध्ये तर दोन प्रत्यय आहेत. जुना 'र'चा प्रत्यय अपुरा वाटला, म्हणून वर 'न'चा लावला.

शाळेचेच शब्द बघा. ईटन ही इंग्लंडमधली 'पब्लिक स्कूल'. सहाव्या हेन्री राजानं १४४० मध्ये ती काढली, ७० गरीब मुलांना मोफत शिकवायला. कुठल्याही गावच्या मुलाला खुली, म्हणून अशा शाळा 'पब्लिक' म्हटल्या गेल्या. आज तिथली फी ऐकून चक्कर येईल, पण नाव तेच. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक' वाचून आत गेलेल्या पालकांना फीचा कागद बघून धक्का बसतो, तो याच घोळामुळे.

आणि मंडळी, आपली मराठी तरी कुठे सरळ आहे? 'चार' म्हणा, आता 'चाक' म्हणा. अक्षर एकच, 'च' मात्र दोन. एक दगड, दहा दगड. इंग्रजीत एक शीप, दहा शीप. परक्या माणसानं 'चाक'मधला 'च' 'चार'सारखा म्हटला, तर आपण त्याला ढ म्हणत नाही, प्रेमानं सांगतो.

तेवढंच आपल्या मुलांसाठी करा. उद्या घरात कुणी 'डेब्ट' वाचलं, तर हसू नका. म्हणा, 'तू लिहिलंय तसंच वाचलंस, बाळा. ये, त्या 'बी'ची गोष्ट सांगतो.'