विश्लेषण : टेनेसीच्या वेगवान आक्रमणाने चाहत्यांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या का?

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२० च्या मोसमात दहापैकी तीनच सामने जिंकले. जानेवारी २०२१ मध्ये जॉश ह्यूपेल प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या वेगवान आक्रमणामुळे चाहत्यांच्या आशा पालवल्या.

वेगवान आक्रमण म्हणजे काय?
अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल संपल्यावर पुढच्या चालीसाठी साधारण ४० सेकंद मिळतात. ह्यूपेल यांचा संघ घोळका करून मसलत न करता लगेच पुढची चाल खेळतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला दमलेले बचावपटू बदलायला उसंत मिळत नाही.

यात धोका काय?
गुण झटपट मिळाले, की स्वतःचा बचावही लगेच मैदानात उतरतो. २०२१ मध्ये केंटकीविरुद्ध ६० पैकी जेमतेम १४ मिनिटे चेंडू टेनेसीकडे होता. तो सामना त्यांनी ४५-४२ असा कसाबसा जिंकला.

अपेक्षा कुठवर पूर्ण झाल्या?
२०२२ मध्ये सामन्यामागे सरासरी ४६.१ गुण मिळवत टेनेसी देशात अव्वल ठरला. अलाबामाला २००६ नंतर प्रथमच, ५२-४९ असे हरवले. मात्र त्याच मोसमात साउथ कॅरोलायनाने ६३ गुण कुटले आणि विजेतेपदाचे स्वप्न भंगले. ३८ गुण करूनही टेनेसी हरला, तो बचाव कोलमडल्यामुळे.