पेट्रोल बोट सुरू करण्याआधी चार मिनिटं थांबायला का सांगतात?

घरात गॅसचा वास आला की आपण लाइटचं बटण दाबत नाही, आधी दारं-खिडक्या उघडतो. अमेरिकेत तळ्यांवर फिरणाऱ्या पेट्रोल बोटींचंही तेच आहे. तिथे बटणाच्या जागी इंजिनची चावी असते, एवढंच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गाडीची टाकी गळली तर वाफ रस्त्यावर पसरते, वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीला खालून भोक नसतं (असून चालणारही नाही!). त्यामुळे इंजिन बोटीच्या पोटात असेल तर वाफ तळाशी साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. हिशोब केला तर हजार लिटरच्या बंद जागेत १०० मिली पेट्रोलची वाफ झाली तरी भागलं. आणि ठिणगी? ती चावी फिरवल्यावर स्टार्टरमधून येऊ शकते. म्हणून पेट्रोल भरून झाल्यावर इंजिन सुरू करतानाचा क्षण सगळ्यात धोक्याचा.

३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या अशा बोटींना तिथल्या कोस्ट गार्डच्या नियमांनुसार ब्लोअर लागतो, म्हणजे तळाची हवा बाहेर फेकणारा पंखा. सूचना लिहिलेली असते: इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवा आणि तळाशी वाफ आहे का ते तपासा.

लोक दुसरा भाग विसरतात. ब्लोअरचा पाइप निसटला असेल तर पंखा घरघरतो, पण वरचीच हवा ओढतो. त्यामुळे बाहेरच्या तोंडाशी हात धरून हवा येतेय का बघायचं, मग इंजिनचं झाकण उघडून खाली वाकून वास घ्यायचा. नाकाइतकं स्वस्त यंत्र दुसरं नाही.

पेट्रोल भरताना मात्र उलटं. इंजिन, ब्लोअर, शेगडी बंद, दारं-झाकणं लावलेली आणि माणसं धक्क्यावर. सुटी टाकी असेल तर ती खाली उतरवूनच भरायची. भरून झालं की सगळं उघडायचं आणि मग ती चार मिनिटं.

आणखी एक. बोटीच्या स्टार्टरची ठिणगी बाहेर पडू नये अशी त्याची बांधणी असते. गाडीचा स्टार्टर दिसायला तसाच आणि स्वस्त, पण इथे तो जुगाड नको.

एवढं करूनही वास आलाच, तर चावीला हात लावायचा नाही. सगळ्यांनी उतरायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं.