रुग्णाच्या ताटातील प्रथिने : एक जमाखर्च



दरवर्षी या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रसामग्री आणि प्राप्त देणग्या यांची माहिती आम्ही सादर करीत असतो. यंदा आपल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराविषयी, विशेषतः रुग्णाच्या ताटातील प्रथिनांविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे हा विषय आम्ही आमच्या आहारतज्ज्ञांकडून व डॉक्टरांकडून समजून घेतला आणि सवयीप्रमाणे जमाखर्चाच्या रूपाने मांडून पाहिला.

त्यास एक कारणही घडले. सन २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेला होता. त्या वेळी खर्च आटोक्यात राहावा म्हणून वरण पातळ करण्याची सूचना आमच्याच कार्यालयातून गेली. वर्षअखेरीस किराणा खात्यात बचत दिसली आणि आम्हांस समाधानही वाटले. पुढे भाव उतरले. वरण मात्र बरीच वर्षे तसेच पातळ राहिले. जिला आम्ही बचत म्हणत होतो ती रक्कम रुग्णांच्या खात्यातून परस्पर उचलली गेली होती, हे आम्हांस उशिरा उमगले. तसे का म्हणावे लागते, ते पुढील माहितीवरून ध्यानी येईल.

शरीराचे दैनंदिन खाते

१८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी स्वीडनच्या बर्झेलियस यांच्या सूचनेवरून या द्रव्यांना ‘प्रोटीन’ हे नाव दिले. त्यामागील ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’ असा आहे आणि तो सार्थच आहे. स्नायू, त्वचा, रक्तातील हिमोग्लोबिन, पाचकरसांतील विकरे, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे ही सारी प्रथिनांचीच रूपे होत. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आम्ले शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दहा ते अकरा किलो प्रथिने असतात. त्यांपैकी अडीचशे ते तीनशे ग्रॅम रोज मोडली जातात आणि नव्याने बांधली जातात. मोडीतून निघालेला बहुतेक माल पुन्हा उपयोगी पडतो, पण काही भाग युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर जातो. ही तूट रोजच्या रोज अन्नाने भरून काढावी लागते. चरबीचा साठा शरीर करून ठेवते. प्रथिनांचे असे राखीव कोठार नाही. पुरवठा कमी पडला की शरीर स्नायू मोडून गरज भागवते. आमच्या भाषेत सांगायचे तर घरखर्च मुद्दलातून होऊ लागतो.

हा केवळ दृष्टान्त नव्हे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे पोटात गेलेला आणि शरीराबाहेर पडलेला नायट्रोजन मोजून शास्त्रज्ञ हा जमाखर्च प्रत्यक्ष मांडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषास ५४ ग्रॅम. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत याखेरीज रोज २२ ग्रॅम अधिक लागतात.

आजारपणात खर्च वाढतो

ग्लासगो येथील डॉ. डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील नायट्रोजन मोजला. जखम झालेल्या भागाच्या मानाने तो कितीतरी अधिक होता. याचा अर्थ, मोडले होते एक हाड. झीज मात्र सबंध शरीराच्या स्नायूंची होत होती. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, तीव्र ज्वर यांतही असेच घडते. म्हणूनच रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णास बहुधा दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे डॉक्टर सांगतात. एरवीपेक्षा गरज वाढलेली असते आणि नेमकी त्याच वेळी भूक मंदावलेली असते.

आता आपल्या कक्षांत नेहमी दिसणारे ताट पाहू. शस्त्रक्रिया झालेली पन्नास किलो वजनाची एखादी माउली आहे. तिला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता आहे असे धरू. घरची माणसे मोठ्या मायेने डबा आणतात. दोन कप चहातील दुधाचे ३ ग्रॅम, चार बिस्किटांचा १ ग्रॅम, साबुदाण्याच्या खिरीचे ३ ग्रॅम (तेही दुधामुळे; साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच), शहाळे व सफरचंद मिळून १ ग्रॅम, दोन वेळच्या मऊ भाताचे ६ ग्रॅम आणि वरणाच्या पाण्याचे २ ग्रॅम. एकूण जमा १६ ग्रॅम. उरलेले ४४ ग्रॅम तिच्या स्वतःच्या शरीरातून खर्ची पडणार. टाके भरण्यास विलंब, उठताना पाय लटपटणे, वारंवार जंतुसंसर्ग यांमागे पुष्कळदा हीच तूट असते.

‘डाळ जड’, ‘अंडे उष्ण’, ‘आजारी माणसाला हलकेच द्यावे’ या समजुतींमागील काळजी आम्ही जाणतो. परंतु डॉक्टरांनी नेहमीचे अन्न घेण्यास अनुमती दिली असेल तर हे ताट सहज बदलता येते. मूगडाळीची दाट खिचडी १० ग्रॅम, ज्वारीच्या दोन भाकरी १० ग्रॅम, वाटीभर मटकीची उसळ ७ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांचा लाडू ६ ग्रॅम. चालत असल्यास दोन अंडी १२ ग्रॅम. चालत नसल्यास आणखी एक पेला दूध व वाटीभर पिठले यांतून तेवढीच भर पडते. बेरीज ५६ होते. हे सारे एकदम खाववत नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

डाळ-भाताची जोडी

धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी या आपल्या जोड्यांमागे हे शास्त्र आहे.

मात्र केवळ डाळ वाढवूनही भागत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या दशकात हे आकडेवारीनिशी मांडले. गरिबांच्या आहारातील प्रथिनांची तूट ही बहुतांशी एकूण अन्नाच्याच तुटीची सावली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पोटभर अन्न नसेल तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. म्हणून भात-भाकरी, तेल-तूप आणि डाळ-दूध यांचा मेळ हवा.

पुरेशा आहाराने काय साधते याचे अलीकडचे उदाहरण झारखंडमधील आहे. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दूधपावडर व तेल यांचा दरमहा शिधा देण्यात आला. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुटुंबांतील इतर व्यक्तींनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर कुटुंबांच्या तुलनेत ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे श्रेय एकट्या प्रथिनांचे नाही, संपूर्ण शिध्याचे आहे. पण त्या शिध्यात डाळ होती, हे आम्ही विसरणार नाही.

दोन सावधानतेच्या सूचना

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णास प्रथिने कमी करण्यास सांगितले जाते. तोच रुग्ण डायलिसिसवर गेला की त्यास अधिक प्रथिने लागतात. तरी घरी जुनेच पथ्य चालू राहते. अशा रुग्णांनी, तसेच यकृताचा विकार असलेल्यांनी, आहारतज्ज्ञांस विचारल्यावाचून बदल करू नये. दुसरे असे की, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज महागड्या पावडरींचे डबे आणू नयेत. कर्ज काढून डबा आणणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. डाळ, दूध, शेंगदाणे व अंडी यांतून बहुतेकांची गरज भागते.

आमची विनंती

वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त अनेक दाते आपल्या रुग्णालयात फळवाटप करतात. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदरच आहे आणि फळांचे गुणही मोठे आहेत. परंतु एका सफरचंदात अर्धा ग्रॅमही प्रथिने नसतात, तर शंभर ग्रॅम फुटाण्यांत ती वीस ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणून फळांसोबत एका कक्षाचे एक दिवसाचे दूध, उसळ वा शेंगदाण्याचे लाडू आपल्या नावे द्यावेत, अशी नम्र विनंती आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी डबा आणण्यापूर्वी आहारतज्ज्ञांशी पाच मिनिटे बोलावे.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने यंदापासून आम्ही एक नियम केला आहे. नेहमीचा आहार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे रोज साठ ग्रॅम कोरडी डाळ वा कडधान्य शिजलेच पाहिजे. ही तरतूद रुपयांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहिली आहे. उद्या बाजारभाव वाढले तर ताळेबंदात तूट दिसेल. ती भरून काढण्यासाठी आम्ही आपल्याकडे येऊ, रुग्णाच्या वाटीकडे जाणार नाही.