सुर्जी-अंजनगांवचा तह आणि ख्रिस्ती धर्माची शांति

सुर्जी-अंजनगांवचें नांव ज्या तहामुळें इतिहासांत आलें, तो दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामध्यें ३० डिसेंबर १८०३ रोजीं झाला. त्यापूर्वीं पंधराच दिवस जनरल वेलस्लीच्या सैन्यानें गाविलगड तोफांनीं फोडून किल्लेदार बेनीसिंगासह आंतील शिबंदीची कत्तल केली होती. शत्रूवरही प्रेम करावें असें शिकविणाऱ्या ख्रिस्ताचा जन्मदिवस या दोन घटनांच्या मध्यें आला! तहानें लढाई थांबली हें खरें. पण गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला हातीं आल्यावर थांबली. पुढच्याच वर्षीं इंग्रज होळकरांशीं लढूं लागले.

हा दोष धर्माचा कीं धर्माचें नांव सांगणाऱ्या राज्यकर्त्यांचा? पाद्री आणि पलटण एकाच घरचीं, असा आमच्या लोकांचा समज असतो. तो सर्वस्वीं बरोबर नाहीं. आरंभींच्या ख्रिस्ती आचार्यांपैकीं टर्टुलियननें शिपाईगिरीच निषिद्ध मानली होती. चौथ्या शतकांत रोमचे बादशहा ख्रिस्ती झाले, आणि मग संत ऑगस्टिननें न्याय्य युद्धाच्या अटी मांडल्या : अधिकार वैध असावा, कारण न्याय्य असावें, हेतु शुद्ध असावा. अटी उत्तम आहेत. पण आपलें कारण अन्याय्य आहे असें कोणत्या राजानें कबूल केलें आहे? तरी जुनें मत मेलें नाहीं. जानेवारी १६६१ मध्यें इंग्लंडच्या क्वेकर पंथानें कोणत्याही कारणासाठीं शस्त्र न धरण्याचें राजास लेखी कळविलें. याच पंथाच्या मिशनऱ्यांनीं पुढें आमच्या सातपुड्यापलीकडे होशंगाबादेस ठाणें केलें.

परंतु वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनीं विशेष ऐकण्याजोगा ख्रिस्ती आवाज वर्ध्यास उठला. मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती, आणि पेशानें हिशेबतपासनीस. १९३० सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्मोपदेशकांस अहिंसक चळवळीच्या बाजूस उभें राहण्याचें आवाहन केलें, तेव्हां कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट यांनीं कायदेभंग हाच ख्रिस्ताच्या शिकवणीशीं विसंगत ठरविला. १९१४ च्या महायुद्धांत याच चर्चचे कांहीं बिशप सैन्यभरतीचीं प्रवचनें करीत होते, हें येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं. १९४२ नंतरच्या तुरुंगवासांत कुमारप्पांनीं ख्रिस्ताच्या आचरणावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुख्य मुद्दा हिशेबी माणसाचा होता : दूरदेशींचा कच्चा माल आणि दूरदेशींची बाजारपेठ ज्या धंद्यास लागते, त्यास ती राखण्यासाठीं आरमार व फौजही लागते, म्हणून त्या खर्चाचा आणि त्या रक्ताचा वांटा मालाच्या किंमतींत धरला पाहिजे.

हा हिशेब आमच्या वह्यांत कोणी मांडला आहे काय? १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत ख्रिस्ती ख्रिस्त्यांशीं लढले. दोन्ही पक्ष एकाच देवाजवळ जय मागत होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडचे भाव चढले. वऱ्हाडांत कपाशीचा पेरा वाढला आणि मुंबईस सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्यें तिकडे शांति झाली, आणि त्या बातमीनें मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बसल्या.